काटकसरीची ऊब

इंग्रजांविषयी कुणी काहीही म्हणो, काटकसर करावी ती त्यांनीच! आपल्याकडे स्वस्तात घेतलेल्या वस्तूची किंमत चारचौघांत थोडी वाढवून सांगतात; इकडे ती कमी करून सांगण्याची चढाओढ असते.

लेस्टरला बिऱ्हाड थाटल्यावर मीही ही विद्या शिकले. ज्या जिनसांची मुदत त्याच दिवशी संपायची असते, त्यांवर दुकानदार संध्याकाळी पिवळी चिठ्ठी लावून भाव उतरवतात. ती वेळ साधायची. आगगाडीचे सवलतीचे कार्ड वर्षाचे पैसे भरून काढले, की बऱ्याच तिकिटांत एक तृतीयांश सूट मिळते. धर्मादाय संस्थांच्या दुकानांत दुसऱ्यांनी वापरलेले उत्तम लोकरी कोट मिळतात, आणि ते घेताना कुणी खाली मान घालत नाही. इंग्लंडात २०२१ पासून पिशवीला किमान १० पेन्स पडतात. माझी कापडी पिशवी सदैव काखेत!

या सगळ्यात मौज असते, कारण वाचवायचे की नाही हे आपल्या हाती असते. ते हातात नसले म्हणजे काय होते, हे मी २०२२च्या हिवाळ्यात पाहिले. वर्षापूर्वी सर्वसाधारण घराचे विजेचे आणि गॅसचे वार्षिक बिल १,२७७ पौंडांच्या आसपास धरत. त्या ऑक्टोबरात सरकारने मदत करूनही ते २,५०० वर गेले.

आमच्या शेजारी एक वृद्ध बाई एकट्याच राहतात. त्यांचा मीटर आगाऊ पैसे भरायचा. कोपऱ्यावरच्या दुकानात कार्डावर पैसे भरावेत, तेव्हा घरात ऊब. गॅस जाळा वा न जाळा, रोजचा ठरावीक आकार कापला जातोच. तिथे कोणाची काटकसर चालणार? बाई घरातही कोट घालून, मांडीवर गरम पाण्याची रबरी पिशवी घेऊन बसत. सकाळी वाचनालयात जात. थंडीने गारठलेल्यांसाठी त्या वर्षी गावोगावच्या वाचनालयांनी उबेची सोय केली होती. मी विचारले, तर म्हणाल्या, "हल्ली वाचनाची फार गोडी लागली आहे मला."

असा स्वाभिमान आपल्याही आजीमावश्यांत आहे. त्याला मदत म्हटलेली चालत नाही. मग मी त्यांच्याच भाषेत बोलले. म्हटले, "बाई, संध्याकाळी तुम्ही एक घर तापवायचे, मी दुसरे, हा शुद्ध अपव्यय नाही का? रोज आमच्याकडेच बसत जा."

त्यांनी क्षणभर हिशेब केला. "खरेच," त्या म्हणाल्या, "हे फार किफायतीचे आहे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारावरची घंटा वाजली. बाई आल्या होत्या, आणि हातात अर्ध्या किमतीचा केक होता. पिवळी चिठ्ठी त्यांनी मुद्दाम काढली नव्हती.