जळगांवचीं दोन कविस्थानें

जळगांव म्हटलें कीं केळीं, कापूस आणि सराफी पेढ्या हींच बहुतेकांस आठवतात. अजिंठ्याचीं लेणीं पाहणारा प्रवासी येथें उतरतो, तोहि पुढची मोटार गांठण्यापुरताच. परंतु ज्यांस मराठी कवितेची गोडी आहे, त्यांनीं येथें एक दिवस अवश्य काढावा.

१९०६ सालीं खानदेशचे दोन भाग झाले व पूर्व खानदेशाचें मुख्य ठाणें जळगांवीं आलें. पुढच्याच वर्षीं येथें कविसंमेलन भरलें. अध्यक्षस्थानीं डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर होते. धरणगांवीं जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलाची कविता ऐकून विद्वान् मंडळी चकित झाली व 'बालकवि' ही पदवी त्यास मिळाली. पुढें रेव्हरंड टिळकांनीं त्यास आपल्या घरीं नेलें आणि लक्ष्मीबाईंनीं पोटच्या मुलासारखी माया केली. गुणाचें चीज होणें म्हणतात तें हेंच.

त्या वर्षीं याच गांवांतील चौधऱ्यांच्या घरीं एक सत्तावीस वर्षांची सून नांदत होती. माहेर असोद्याचें, लग्न तेराव्या वर्षीं, अक्षरओळख मुळींच नाहीं. तिसाव्या वर्षीं वैधव्य आलें. जात्यावर, चुलीपुढें आणि शेतांत राबतां राबतां बहिणाबाईंच्या तोंडून लेवा बोलींत गाणीं उमटत. सभेंत बसून तीं ऐकण्याची सोयच कोठें होती! मात्र १९०७ सालींच त्यांचा मुलगा सोपानदेव जन्मास आला होता. तो पुढें स्वतः कवि झाला. त्यानें व पीतांबर चौधरी या आप्तानें हीं गाणीं टिपून ठेविलीं. ३ डिसेंबर १९५१ रोजीं बहिणाबाई वारल्या. त्यानंतर ती वही आचार्य अत्र्यांच्या दृष्टीस पडली आणि १९५२ सालीं पुस्तक निघालें. त्यांनीं तें पाहिलें नाहीं. आणि पाहिलें असतें तरी वाचतां आलें नसतें!

जुन्या जळगांवांतील चौधरीवाड्यांत त्यांच्या रोजच्या वापरांतील वस्तु जपून ठेविल्या आहेत. गांवाबाहेर सुमारें दोन कोसांवर असोदें लागतें. भोंवतीं काळी कसदार जमीन आणि केळीच्या बागा. तेथून पुढें भादली. या स्टेशनाजवळ ५ मे १९१८ रोजीं रूळ ओलांडतांना आगगाडीखालीं सांपडून बालकवि गेले. वय अवघें सत्तावीस. तरीहि त्यांची कविता उरली, कारण ती कागदावर होती आणि ती जपणारे जाणकार होते. बहिणाबाई एकाहत्तर वर्षें जगल्या, पण टिपणारा भेटला तेवढेंच त्यांचें काव्य आपल्या हातीं आलें. बाकीचें जात्याच्या घरघरींत विरलें.

१९९० सालीं जळगांवीं स्थापन झालेल्या विद्यापीठास २०१८ सालीं या निरक्षर कवयित्रीचें नांव देण्यांत आलें, हें उचितच झालें. परंतु वाचकहो, पुतळे व पाट्या मागाहून केव्हांहि उभारतां येतात. आपल्या माजघरांत एखादी आजी अजून ओंवी म्हणत असेल, तर वही-लेखणी घेऊन तिच्यापाशीं बसण्याचें काम मात्र आजच करावें लागतें.