वीझल आणि रॅबिट

डोक्यावरून गेलेल्या विजेच्या तारेकडे माणूस मान वर करून पाहतो तो दोनच वेळी. एक, वीज गेली म्हणजे; आणि दुसरे, तिच्यात पतंग अडकला म्हणजे. एरवी तार ती तार. फलटणात आमच्या आळीत एक वयस्क वायरमन राहतात. सगळे त्यांना आबाच म्हणतात. त्यांच्या ओट्यावर बसून मला तारांच्या जाती कळल्या.

या तारांना चक्क जनावरांची नावे आहेत. स्क्विरल, वीझल, रॅबिट, डॉग, पँथर, झेब्रा! खार, ससा, कुत्रा आपल्या ओळखीचे. वीझल म्हणजे मुंगसासारखे एक विलायती जनावर. इंग्रज गेला, पण त्याने केलेले हे बारसे आमच्या उसावर अजून टिकून आहे. कोयनेची वीज १९६२ साली सुरू झाली. असली वीज थोराड मनोऱ्यांवरून निघते ती पँथर-झेब्य्रासारख्या जाड तारांतून, आणि मळ्यापर्यंत पोचता पोचता तिचे वीझल झालेले असते. कादंबरीकाराला एवढी उतरती भाजणी सहसा साधत नाही.

वीझलच्या पोटात पोलादाची एक तार आणि तिच्याभोवती ॲल्युमिनियमच्या सहा. ताणाला बळ देते पोलाद, वीज वाहते ॲल्युमिनियम. रॅबिटची घडणही हीच. फरक जाडीचा. वीझल ७.७७ मिलिमीटर, रॅबिट १०.०५. सव्वादोन मिलिमीटर म्हणजे काय हो, असे तुम्ही म्हणाल. गेल्या मे महिन्यात मळ्यातले लोकही तेच म्हणत होते.

वळवाच्या वाऱ्याने एक खांब आडवा झाला होता. तो उभा राहिला, तारा ओढायच्या, तर आले ते क्लॅम्प रॅबिटचे आणि लाइन वीझलची. दोन दिवस मोटारी बंद, मका माना टाकू लागलेला. एक तरणा शेतकरी म्हणाला, "आबा, पत्र्याची पट्टी गुंडाळा आन् द्या आवळून!"

"बसंल की. वरीसभरबी बसंल," आबा म्हणाले, "पर कुठल्या राती सुटंल ते मला न्हाई सांगता यायचं."

मग ते खाली बसून मातीत आकृती काढू लागले. सैल क्लॅम्पमध्ये तार वाऱ्याने थरथरते, घासते, ठिणगी पाडते. उलट वीझलच्या क्लॅम्पात रॅबिट कोंबली तर ॲल्युमिनियम चेचते. खाली वाळलेल्या पाचटाचा ऊस असला की एक ठिणगी पुरते. आणि जळक्या उसाला कारखान्यावर कपात बसते हे आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक आहे. जिवंत तार रात्री बांधावर पडली आणि कुणी दारं धरायला निघाला, तर कपातीचा हिशेब करायलाही माणूस उरत नाही.

डी.पी.पाशी आणखी एक पेच असतो. तिथे तांब्याला किंवा पितळेला ॲल्युमिनियम जोडावे लागते. लिंबात तांब्याची तार आणि जस्ताची पट्टी खोचून मी वर्गात घट दाखवतो. पावसाचा थेंब त्या जोडात शिरला की तोच घट तयार होतो आणि ॲल्युमिनियम खाऊन टाकतो. म्हणून मधे दोन धातूंचा, बायमेटलचा तुकडा घालतात. शिवाय तांबे, पोलाद, ॲल्युमिनियम उन्हात सारखे फुगत नाहीत. साधा बोल्ट रोज तापून, रोज निवून ढिला होतो. लग्नाला पत्रिका पाहतात तशी इथे पाहावी लागते. एवढेच की ही पत्रिका खरी असते.

मी हे त्या मंडळींना सांगत होतो तेव्हा कुणी मान डोलावली नाही. मॅट्रिक मास्तराचे रसायनशास्त्र सुकणाऱ्या मक्यासमोर किती टिकणार! त्या तरण्याने आबांना त्यांच्या पगारावरून नको ते बोलून घेतले. आबांनी उत्तर दिले नाही. आलेले क्लॅम्प मोजून पोत्यात भरले, पोत्याचे तोंड बांधले आणि मोटारसायकलवर मागे टाकून स्वतः बदलून आणायला गेले.

ते दुसऱ्या दिवशी दुपारी परतले. चढण्यापूर्वी लाइन बंद असल्याची खात्री दोनदा केली, मग तार लोखंडी ब्रशने घासली. घासलेल्या ॲल्युमिनियमवर लगेच पुन्हा साय धरते आणि ती वीज अडवते; म्हणून जोडावर आधी ग्रीस, मग क्लॅम्प. घाई केली नाही.

दिवेलागणीला मोटारी एकामागून एक सुरू झाल्या. पाटाजवळचा मका वाचला. टोकाकडचा अर्धा एकर गेला. तो त्या तरण्याचाच होता.