बांधाकडचा पाव गुंठा

पुण्यात संख्याशास्त्र शिकून पळसदेवला आलो आणि चुलत्यांच्या, म्हणजे अण्णांच्या, उसाचा अंदाज काढायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. आकडा सांगितला एकरी साठ टन. त्या भरवशावर अण्णांनी बोअर घ्यायचं ठरवलं. तोडणी झाली, वजनं आली, टनेज पन्नासच्याही आत राहिलं. बोअर तर गेलंच, वर हातउसने घ्यावे लागले.

पहिली चूक जागेची. फडात शिरलं की उसाची पानं अंग कापतात, म्हणून मी बांधालगतच सुतळी धरली आणि नमुन्याचा पाव गुंठा आखला. कडेच्या सऱ्यांना ऊन-वारा भरपूर, तिथला ऊस मनगटाएवढा. उजनी धरणाच्या फुगवट्याकडं उतरणारा भाग चोपण, तिथं बेटं विरळ. तिकडं मी गेलोच नाही.

दुसरी चूक बारीक, पण मला ती जास्त लागते. सुतळी कधी कधी बेटाच्या मधूनच जायची. आत धरायचं की बाहेर? फुटवे जोमदार दिसले की मी आत धरायचो. मनात खोट नव्हती, तरी कौल दर वेळी एकाच बाजूला पडायचा. आणि पाव गुंठ्यातली चूक एकराला 160 पटीनं वाढते.

सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी 1940च्या दशकात पीक कापणीच्या प्रयोगांतून हेच दाखवलं होतं. तुकडा जितका लहान, तितकी क्षेत्रफळाच्या मानानं कड जास्त. कडेवरची झाडं आत ओढली जातात आणि उत्पन्न फुगतं. हे मी परीक्षेत लिहून आलो होतो. रानात उभा असताना आठवलं नाही.

मला भुरळ होती ती महाभारतातल्या ऋतुपर्ण राजाची. विदर्भाच्या वाटेवर तो बेहड्याच्या दोन फांद्यांवर 2095 फळं आहेत असं नुसतं पाहून सांगतो. विज्ञानाचे तत्त्वज्ञ इयन हॅकिंग यांनी संभाव्यतेच्या उगमावरच्या 1975च्या पुस्तकात ही वनपर्वातली गोष्ट घेतली आहे. तिथं त्याचा सारथी झालेला नळ रथ थांबवतो, झाड पाडतो आणि फळं मोजून बघतो. गोष्टीतला तेवढाच भाग मी सोडून दिला होता.

आता सरी आणि पावलं चिठ्ठ्या टाकून ठरवतो. चोपण निघालं तर चोपणात उतरतो. अण्णांना एक आकडा हवा असतो, मी दोन देतो: इतक्याच्या खाली नाही, इतक्याच्या वर नाही. पण ते आकडे कोणत्या सूत्रानं काढायचे? पुण्यात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ विद्याधर गोडांबे यांनी 1955 साली सिद्ध केलं, की सरासरीनं खऱ्यावर उतरणाऱ्या रेषीय सूत्रांतही प्रत्येक रानाला सगळ्यात सरस ठरेल असं एक सूत्र नसतं. म्हणजे निवड माझ्यावरच येते. त्यावरून आमचा वाद होतो. "हे रान मी उभा जन्म पाहिलंय, ते तुझ्या हिशेबात कुठं धरलंस रं?" असं अण्णा विचारतात. त्यांचं ते पाहणं किती वजनाचं धरायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.