लक्ष आणि लक्षण

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेल्या एस. टी.ने नीरेचा पूल ओलांडला की आसनावरून उठायचे, एवढेच शिरवळच्या माणसाला करावे लागते. आम्हांला ते वर्षानुवर्षे जमले नाही. पुस्तकातून, आणि पुष्कळदा पुस्तक हाती नसतानाही, मान वर करावी तो गाडी खंबाटकीची चढण चढू लागलेली असे. मग कंडक्टरची बोलणी खाऊन घाटापलीकडे उतरायचे आणि उलट दिशेच्या गाडीने बोगद्यातून परत यायचे. हा प्रकार आम्ही चारचौघांत रंगवून सांगत असू. मराठीचा प्राध्यापक विसरभोळा असला की लोक त्याला विद्वान समजतात. या सोयीचा आम्ही पुरेपूर लाभ घेतला.

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी ही सोय संपली. धाकट्या मुलाला पुण्यातील एका मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले होते. त्यांनी पालकांनी भरावयाची प्रश्नावली दिली, ती आम्ही हरवली. दुसरी दिली, ती अर्धीच भरली. तिसरी प्रत पुढे करताना डॉक्टर म्हणाले, "सर, ही मुलासाठी. आणि ही दुसरी तुमच्यासाठी."

ए.डी.एच.डी. म्हणजे लक्ष नसणे, असा आमचा समज होता. वस्तुतः दोष आहे तो लक्षाच्या नियमनात. एखाद्या शब्दाच्या व्युत्पत्तीमागे रात्र जागवणारे मन दुसऱ्या दिवशी विजेचे बिल भरू शकत नाही, आणि त्याचे कारण पैसा वा इच्छा यांचा अभाव हे नसते. अलेक्झांडर क्रायटन या वैद्याने 1798 मध्ये स्थिर न राहणाऱ्या अवधानाचे वर्णन केले. 1902 मध्ये जॉर्ज स्टिल यांनी लंडनमध्ये अशा मुलांविषयी व्याख्याने दिली. पुढे दीर्घकाळ हा विकार बालपणाचा आणि वयाबरोबर ओसरणारा मानला गेला. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2013 च्या निदानपुस्तिकेने सतरा वर्षे व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींसाठी लक्षणांची किमान संख्या सहावरून पाचवर आणली; मात्र काही लक्षणे बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावीत, अशी अट आहे. त्यासाठी आमच्या आईची साक्ष झाली. तिने हरवलेल्या छत्र्या वर्षवारीने सांगितल्या.

आमच्या भाषेजवळ या स्थितीसाठी शब्द भरपूर आहेत: वेंधळा, धांदरट, आरंभशूर, आळशी. प्रत्येक शब्द हा निवाडा आहे, वर्णन एकही नाही. दासबोधाच्या दुसऱ्या दशकातील मूर्खलक्षणांचा समास आम्ही अनेक वर्षे शिकवला. वर्ग हसे, आणि आम्ही मनातल्या मनात आपली लक्षणे मोजत असू. (संख्या सांगत नाही.) तरीही संतांना या निदानात ओढणे आम्हांला मान्य नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील अर्जुन ज्या चंचलतेची तक्रार करतो ती मनुष्यमात्राची आहे आणि तिच्यावर सांगितलेला उपाय अभ्यास आणि वैराग्य हा आहे. विजेच्या बिलापुढे वैराग्य कामास येत नाही. ते आमच्याजवळ गरजेपेक्षा अधिकच होते.

असो. विनोद येथवरच पुरतो.

एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाचे तिसरे प्रकरण आमच्या टेबलावर अकरा महिने पडून होते. आम्ही ते विसरलो नव्हतो. ते रोज आठवे, रोजची लाज आदल्या दिवसाच्या लाजेवर साचे, आणि त्या ढिगाखालून कागद काढणे दिवसेंदिवस अशक्य होत जाई. तिने तीनदा विचारले. मग विचारणे सोडले, पुढे प्रबंधही सोडला. आज ती शिरवळच्याच औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या हिशेब विभागात आहे.

औषध सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात आम्ही ते प्रकरण एका बैठकीत वाचले. दोन तास लागले. अकरा महिने आणि वर सहा वर्षे, त्या दोन तासांसाठी. प्रकरण चांगले होते. दिवाळी अंकांतील कथेविषयी त्यात एक मुद्दा असा होता की तो तेव्हाच छापून यावयास हवा होता.

समासात टिपा लिहून ते घेऊन आम्ही बसथांब्यावर गेलो. निदानाविषयी बोलावे की नाही, ठरत नव्हते. मेंदूच्या रचनेने आम्हांला जे समजावले त्यातून तिची सहा वर्षे परत येत नव्हती, आणि आमचे समाधान तिच्या गळ्यात घालणे हा आणखी एक अन्याय झाला असता. तिने पाने उलटली. पहिल्या चार पानांवरील टिपा निळ्या शाईत होत्या, पुढच्या काळ्या.

"म्हणजे सर, तेव्हा वाचायला घेतलं होतं तुम्ही?"

"घेतलं होतं," आम्ही म्हणालो.

ती पुन्हा त्या चार पानांकडे वळली. तिची गाडी येऊन उभी राहिली होती, तरी ती वाचत होती.