पहाटेचं पाणी

तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडला की बातमी येते, पंचगंगेच्या पाण्याचे नमुने घेतले जातात. बहुधा दुपारी. तिथला एक मासेमार मला म्हणाला, "सर, मासं पहाटं तोंड वासून वर येत्यात. दुपारच्या पाण्यात तुमास्नी काय घावणार?"

त्याचं निरीक्षण अचूक होतं. उजेडात शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडतं. रात्री तेच शेवाळ आणि सांडपाणी कुजवणारे जिवाणू तो वापरून टाकतात. सूर्योदयाच्या तोंडावर तो सर्वांत कमी होतो. ३० अंशांच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, आणि मत्स्यजीवनासाठी निदान ४ हवा. त्यात बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले, पाणी तुंबलेलं, वर केंदाळ.

मी कोल्हापुरात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. रात्रभर नदीत राहील आणि वाहून गेला तरी दुसरा करता येईल, असा सेन्सर विद्यार्थ्यांबरोबर करायला घेतला. महागडं यंत्र रात्री नदीत सोडून यायला कुणाचं मन धजत नाही. चांदी आणि जस्ताचे इलेक्ट्रोड, मध्ये क्षारद्रव, तोंडावर टेफ्लॉनचा पातळ पडदा. प्राणवायू आत झिरपेल तसे मिलिव्होल्ट वाढतात. गढूळपणासाठी अवरक्त एलईडी आणि त्याच्या काटकोनात फोटोडायोड. आकडे साठवायला ईएसपी३२ हा मायक्रोकंट्रोलर.

हे लवकर जमलं. खरी झुंज बुळबुळीशी झाली. पडद्यावर थर बसतो, तो थरच प्राणवायू खातो आणि आकडे हळूहळू खाली सरकतात. समुद्रातल्या उपकरणांना तर शेवाळाच्या जोडीला कालवं आणि शिंपलेही चिकटतात. तिथं वापरतात तसं आम्हीही तांबं वापरलं, सेन्सरभोवती जाळी करून. तरी ठरलेल्या दिवशी पडदा पुसायचा आणि त्याच पाण्यातल्या प्राणवायूचा विंकलर या रासायनिक पद्धतीनं ताळा घ्यायचा. ताळा नसलेला आकडा मी कुणालाही देत नाही. स्वस्त सेन्सरची पत यावरच ठरते.

मध्यरात्रीनंतर घसरत गेलेली प्राणवायूची रेघ मुलांनी त्या मासेमाराला दाखवली. त्यानं विचारलं, "वरचं बरगं काढायच्या आदुगर हे कळंल काय?" बरगे निघाले की तुंबलेलं पाणी एकदम शिरोळच्या बाजूला उतरतं. आता आम्ही वरच्या अंगाला असलेल्या रुई बंधाऱ्यासाठी दुसरा सेन्सर बांधतोय, आणि पहिला संदेश त्याच्याच मोबाइलवर जाईल अशी जोडणी चालू आहे.