खासबागचा रविवार

आम्हां गोंयकारांचा बाजार म्हणजे म्हापशाचा शुक्रवार. मयड्याची केळी, आगशीची वांगी, आल्सांदे, खोल्याची मिरची, आणि तोंडावर कायम एकच प्रश्न : "गावठी मूं?" गावठी असेल तर चार पैसे जास्त द्यायचे. नसेल तर नाक मुरडून "घाटावरची" म्हणायचं आणि तरीही तीच घेऊन घरी यायचं. हा प्रश्न माझ्या जिभेवर इतका बसला आहे की गेल्या जानेवारीत तो भलत्याच ठिकाणी बाहेर पडला. त्याचीच ही गोष्ट.

बेळगावला एका स्नेह्याकडे दोन दिवस राहायला गेलो होतो. तो वडगावात राहतो. वडगाव, शहापूर, खासबाग हा बेळगावचा दक्षिणेकडचा भाग. आता सगळं एकच शहर झालंय, पण गल्लीत शिरलं की गाव अजून सापडतं. शनिवारी संध्याकाळी पोचलो तेव्हा विणकरांच्या घरांतून मागांची खडखड येत होती. रस्त्यावर म्हशी परतत होत्या. पलीकडच्या ओट्यावर दोन म्हातारे मराठीत सुरू झालेलं बोलणं कानडीत संपवत होते. ज्या मंगाईदेवीच्या आषाढातल्या जत्रेला सगळं बेळगाव लोटतं, ती मंगाई इथलीच.

"उद्या लवकर उठा, बाजार दाखवतो," स्नेही म्हणाला. प्रत्यक्षात तो झोपून राहिला आणि मी वहिनींच्या मागून दोन पिशव्या घेऊन खासबागच्या रविवारच्या बाजाराला निघालो.

जानेवारीतली बेळगावची सकाळ! आपल्याकडे थंडी येते ती पाहुण्यासारखी, इथे ती घरचीच असते. स्वेटर घातलेल्या, डोक्याला मफलर गुंडाळलेल्या बायका रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोणपाटं पसरून बसल्या होत्या. बाजार दिसायच्या आधी वास आला. आधी कोथिंबिरीचा, मग मेथीचा, मग ओल्या तागाच्या पोत्याचा. थोडं पुढं गेल्यावर मिरचीवाले. एकीकडे सुरकुतलेली, गडद लाल ब्याडगी, दुसरीकडे लांबट संकेश्वरी. तिथून जाणारा प्रत्येक माणूस शिंकतो आणि विकणारे मात्र चहा पीत निवांत बसलेले असतात. मी तीनदा शिंकलो. चौथ्या वेळी शेजारच्या गूळवाल्याने आपणहून गुळाचा खडा हातावर ठेवला. शिंक थांबली नाही, पण गूळ छान होता.

ताज्या भाजीला आवाज असतो हे मला इथे कळलं. वाटाण्याची शेंग दोन बोटांत दाबली की पट्‌कन फुटते. मुळ्याचा पाला ओढला की करकरतो. ओल्या हरभऱ्याचे डहाळे हातात घेतले तर बोटांना आंबट खार लागते आणि ती चाटायचा मोह होतो. मी चाटली. वहिनी हसल्या. शेपू, चाकवत, कांद्याची पात, दव न वाळलेली कोबी, अंगाला माती चिकटलेली रताळी... आपण जुडी म्हणतो तिला इथे पेंडी म्हणतात. आकडे मात्र दोन्ही भाषांत चालतात. "दहा, दहा, दहा" ओरडणारी बाई पुढचं गिऱ्हाईक बघून सहज "हत्तु, हत्तु" करते. १९५६ साली हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून भाषेवरून इथे काय काय झालं ते आपण वाचत आलो आहोत. बाजारात मात्र ज्याला ज्या भाषेत सुट्टे पैसे हवेत त्या भाषेत मिळतात.

एका म्हातारीपुढे मी थांबलो. पुढ्यात मेथीच्या पेंड्या, लाल माठ आणि एका फडक्यावर मसूर. मी नुसता पाहत उभा.

"नुस्तं बघूलालासा काय वो? घ्या की."

आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "गावठी आहे ना?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "गावठी म्हंजे? आमच्या गावचीच की वो. हितं वडगावच्या शिवारातली. काल सांजच्याला उपटलेली."

वहिनींनी सांगितलं, पाहुणे गोव्याचे आहेत. म्हातारीचा चेहरा एकदम खुलला. "गोव्याचं व्हय! मग आमचंच खातासा की तुम्ही. ट्रकच्या ट्रक जातात. तिथं काय म्हंतासा वो आमच्या भाजीला?"

काय सांगणार होतो? "बेळगावची भाजी म्हणतात," एवढंच म्हणालो. ते खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. आपण तिला घाटी भाजी म्हणतो. ज्या आवाजात म्हणतो तो आवाज मला तिच्यासमोर काढवला नसता. आपल्या फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर जी भाजी स्वस्तात मिळते, तीही बहुतेक याच बाजूची. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, सीमा अडल्या, तेव्हा आमच्या वाड्यावर गावठीचा प्रश्न कोणी विचारला नव्हता. चोर्ल्यावरून ट्रक उतरला का, एवढंच सगळे विचारत होते.

त्याच घाटाच्या माथ्यावर कणकुंबी आहे. तिथल्या कळसा कालव्यावरून, म्हादईच्या पाण्यावरून दोन राज्यं कोर्टात उभी आहेत. म्हादईसाठी माझा जीव तुटतो, तो तुटलाच पाहिजे. पण त्याच रस्त्याने रोज पहाटे आपलं जेवण खाली उतरतं, हे मी तोवर एकाच वेळी मनात आणलं नव्हतं.

मेथी घेतली, मसूर घेतली. म्हातारीने मापटं भरलं, वर शीग लावली आणि शीग ढासळली तेव्हा आणखी एक मूठ टाकली. परत येताना वहिनी मला मुद्दाम शिवाराच्या बाजूने घेऊन गेल्या. भात कापून झाल्यावर त्याच काळ्या जमिनीच्या ओलीवर इथे मसूर, वाटाणा, हरभरा घेतात. वेगळं पाणी फारसं द्यावं लागत नाही. एकेकाळी वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या याच शिवारांतून बेळगावचा बासमती यायचा. उंच वाढून वाऱ्यात लोळणारं भात, उशिरा तयार होणारं, उतारा कमी. म्हणून शेतकरी हळूहळू दुसऱ्या जातींकडे वळले. "आईकडे भात शिजला की शेजारच्या घरी कळायचं," वहिनी म्हणाल्या.

मग त्यांनी हात करून दाखवलं. हलगा-मच्छे बायपास इथूनच जातो. पिकाऊ जमीन देणार नाही म्हणून शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली, कोर्टात गेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये पोलीस बंदोबस्तात उभ्या पिकावरून यंत्रं फिरली. वहिनी हे सांगताना आवाज चढवत नव्हत्या. "ती म्हातारी बघितलासा नव्हं? आणखी किती वर्षं बसंल बाजारात, कोण जाणे," एवढंच म्हणाल्या.

मला आमचं शेत आठवलं. आमचं शेत कुणी यंत्र लावून घेतलेलं नाही. ते आम्हीच पडीक टाकलं. मजूर मिळत नाहीत, परवडत नाही, मुलं नोकरीला... कारणं सगळी खरी आहेत. पण म्हापशाला जाऊन "गावठी मूं?" असं ऐटीत विचारणाऱ्या माझ्या घरचं गावठी असं आता काय उरलंय? चार माड आणि एक कढीपत्त्याचं झाड.

घरी आल्यावर त्या मसुरीचं तोणाक केलं. भाजलेलं खोबरं, धणे, तिथलीच ब्याडगी. मसूर बारीक होती, सालीला काळपट झाक होती, शिजल्यावर दाणा मोडला नाही. आईने पहिला घास घेतला आणि विचारलं, "गावठी मूं?"

"हय," मी म्हटलं. "वडगांवची."