खाडीच्या अलीकडे, खाडीच्या पलीकडे

शनिवारी पहाटे पाचच्या सुमारास खारघरहून मोटार बाहेर काढली की शीव-पनवेल महामार्ग काही काळ आपल्या एकट्याच्या मालकीचा वाटतो. बेलापूर, नेरूळ, सानपाडा मागे पडतात आणि वाशीच्या खाडीपुलावर येताच काच खाली करण्याची मला जुनी सवय आहे. भरती असेल तर खारट वारा येतो, ओहोटी असेल तर चिखलाचा वास. हिवाळ्यात परतीच्या वेळी, दहाच्या उन्हात, ठाण्याच्या खाडीत रोहित पक्ष्यांचा फिकट गुलाबी पट्टा दूरवर दिसतो. या खाडीवरचा पहिला पूल १९७३ सालचा, दुसरा १९९७ सालचा. आता तिसराही झाला आहे. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या वेशीवरील हलक्या वाहनांचा पथकरही माफ झाला. जाण्याची सोय वाढत गेली आणि जाण्याचे बळ मात्र कमी होत गेले, असा हा माझा उलटा हिशेब.

हा प्रवास ज्यासाठी, तो चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब. स्थापना १९२७ सालची. चेंबूर हे त्या काळी मुंबईबाहेरचे गाव होते. पुढे कारखाने आले, वसाहती आल्या, मोनोरेल आली आणि या सर्वांच्या मध्ये अठरा होलांचे हे हिरवे आवार तसेच राहिले. मी तेथे १९९८ पासून जातो. गेली चार वर्षे प्रश्न एकच आहे : हा क्लब सोडून घराजवळच्या मैदानाचे व्हावे की नाही?

गोल्फ म्हटले की आपल्या समाजातील अनेकांच्या कपाळाला आठी पडते. साहेबी थाट, मोठ्या रकमा, रिकामा वेळ. मीही त्यांच्यातलाच होतो. सांगली जिल्ह्यातील खेड्यात विटी-दांडू आणि आट्यापाट्या खेळून वाढलेला, एम.कॉम. करून बँकेत चिकटलेला मी, छत्तिसाव्या वर्षापर्यंत गोल्फचा चेंडू हातात धरलेला नव्हता. १९९४ साली बढतीवर कोलकात्यास बदली झाली. तेथील एका वरिष्ठांनी एका रविवारी टॉलीगंजला रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब पाहावयास नेले. १८२९ साली स्थापन झालेला हा क्लब ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना मानला जातो. आरंभी तो दमदमला होता. बंगालची जमीन सपाट, त्यामुळे खेळाला अडथळा हवा तो तळ्यांचा. पाण्यात चेंडू पडल्यावर माझ्या यजमानांनी कोणी पाहत नसताना स्वतःच एक दंडाचा फटका मोजला आणि शांतपणे पुढे खेळले. ते पाहून मला पहिल्यांदा वाटले, या खेळात आपल्यासारख्या माणसाचे काही काम आहे.

कारण सांगतो. बँकेत प्रत्येक व्यवहारावर दोन सह्या असतात, एक करणाऱ्याची आणि दुसरी तपासणाऱ्याची. गोल्फच्या स्पर्धेत तुमचे फटके जोडीदार लिहितो, तुम्ही ते तपासून पत्रकावर सही करता. एखाद्या होलवर प्रत्यक्षाहून कमी फटके लिहिलेल्या पत्रकावर सही झाली, तर स्पर्धेतून बाद. मात्र बँकेत तपासणारा शेजारच्या टेबलावर बसतो. येथे तो पलीकडच्या झाडीत स्वतःचा चेंडू शोधत असतो. पंच जवळ नसतो. तुमच्या फटक्याला खरा साक्षीदार असतो तो तुमच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन चालणारा कॅडी.

आमचे कॅडी म्हणजे मामा. त्यांना सारेच मामा म्हणतात. मूळ साताऱ्याकडचे, उंचीने बेताचे, बोलणे मोजके. १९९८ च्या डिसेंबरात त्यांनी पहिल्यांदा माझी पिशवी उचलली, तेव्हा ते चाळिशीचे होते आणि मीही. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारले, “साहेब, जोर दाखवायचाय का चेंडू पुढं न्यायचाय?” त्यानंतर मी जोर दाखवणे बरेच कमी केले.

भारतीय गोल्फचा इतिहास पाहिला तर या मंडळींचे ऋण मोठे आहे. अली शेर हे दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून वाढले आणि १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरले. त्यापूर्वी १९६५ मध्ये ती स्पर्धा जिंकणारे पी. जी. सेठी हौशी खेळाडू होते. एस.एस.पी. चौरसिया यांचे वडील त्याच रॉयल कलकत्ता क्लबात हिरवळीची निगा राखत. मुलाने २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपन जिंकली. मामांनी असे काही जिंकले नाही. परंतु कोणत्या हिरवळीचा उतार पावसाळ्यानंतर कसा बदलतो, हे त्यांना माझ्या बँकेतील कोणत्याही खातेवहीपेक्षा चोख ठाऊक आहे.

एक प्रसंग मी आजवर घरीही सांगितलेला नाही. २००४ सालची गोष्ट. पावसाळा सरल्यानंतरची एक लहानशी स्पर्धा होती आणि माझा खेळ त्या दिवशी कधी नव्हे इतका जमत होता. एका होलवर चेंडू झाडाच्या मुळाला टेकून थांबला. तेथून फटका मारणे म्हणजे काठी मोडण्याचीच निश्चिती. सोबतचे दोघे पलीकडच्या कडेला होते. मी बुटाच्या टोकाने चेंडू चार बोटे पुढे सारला. मान वर केली तर दहा पावलांवर मामा उभे. ते काही बोलले नाहीत. एरवी न मागता योग्य काठी हातात देणाऱ्या त्या माणसाने पिशवी जमिनीवर ठेवली आणि तोंड फिरवून झाडांकडे पाहत उभे राहिले. काठी माझी मीच काढली.

हिरवळीवर जोडीदाराने विचारले, “किती?” ‘पाच’ हा शब्द जिभेवर आला होता. त्याच महिन्यात एका शाखेच्या तपासणीत मी एका कनिष्ठ सहकाऱ्याविरुद्ध काही शे रुपयांच्या फरकाबद्दल कडक शेरा लिहिला होता, तो शेरा अक्षरशः डोळ्यांपुढे उभा राहिला. मी म्हणालो, “सात. चेंडू मी हलवला होता, दोन दंडाचे धरा.” जोडीदार आश्चर्याने पाहत राहिला. मामांनी पिशवी उचलली आणि पुढच्या टीकडे चालू लागले. त्या विषयावर आमच्यात आजतागायत एक शब्द झालेला नाही. माझ्या मनात मात्र चेंबूर म्हणजे तेव्हापासून ती जागा आहे, जेथे मला पाहणारा एक माणूस आहे.

आता खाडीच्या अलीकडचे सांगतो. निवृत्तीनंतर चेंबूरची जागा विकून २०२१ मध्ये आम्ही मुलाच्या शेजारी खारघरला आलो. सिडकोने वसवलेल्या या नगराच्या एका अंगाला डोंगर आहेत आणि त्यांच्या कुशीत खारघर व्हॅली गोल्फ कोर्स आहे. २०१२ साली ते खुले झाले. आरंभी अकरा होलांचे हे मैदान अठरा होलांपर्यंत वाढवण्याचे सिडकोने पुढे योजले. येथे शुल्क भरून कोणालाही खेळता येते. सभासदत्वासाठी कोणाची शिफारस शोधत फिरावे लागत नाही. घरापासून मोटारीने आठ मिनिटे. पावसाळ्यात त्या दरीचे रूप पाहावे! डोंगराच्या प्रत्येक घळीतून पांढरी धार उतरत असते, पांडवकड्याचा धबधबा गर्जत असतो (त्याच्याजवळ जाण्यास पावसाळ्यात मनाई असते आणि ती असावीच, तेथे अनेक तरुण जीव गेले आहेत), ढग इतके खाली येतात की मारलेला चेंडू कोठे पडला हे अंदाजानेच ठरवावे लागते. चेंबूरच्या झाडांनी वेढलेल्या मैदानावर आकाश तुकड्यातुकड्यांनी दिसते. येथे ते सलग आहे.

येथे येणारे लोकही वेगळे. आपल्या मुलीला हाताला धरून आणणारे तरुण बाप, सुट्टीच्या दिवशी येणारे संगणक कंपन्यांतले अभियंते, नुकताच खेळ शिकू लागलेली पन्नाशीची जोडपी. मागच्या जूनमध्ये माझी अकरा वर्षांची नात माझ्याबरोबर आली. तिसऱ्या प्रयत्नात तिचा चेंडू हवेत उठला आणि ती ओरडली, “आजोबा, उडाला!” त्या रात्री जेवताना तिने घोषणाच केली की, दर शनिवारी आपण दोघे जायचे. शनिवार म्हणजे चेंबूरचा दिवस. मी ‘पाहू’ म्हणालो. ‘पाहू’ हा बँकेतील कर्जअर्ज बाजूला ठेवताना वापरायचा शब्द आहे, हे आमच्या सौ.ना पुरते ठाऊक आहे.

मी रीतसर कागद घेऊन दोन बाजू आखल्या. एका बाजूस इंधन, अंतर, जाऊन-येऊन पन्नासएक किलोमीटर, गुडघ्याची तक्रार, परतीच्या वाटेवर मानखुर्दला लागणारी गर्दी. आमच्या चौघांच्या जुन्या चौकडीपैकी डॉक्टर २०२० मध्ये गेले, जहाजावरचे अभियंते मुलांकडे कॅनडाला गेले. उरलो मी आणि घाटकोपरचे एक कापडव्यापारी, तेही महिन्यातून एकदा येणारे. दुसऱ्या बाजूस काय लिहावे? सत्तावीस वर्षे ओळखीची झाडे. सकाळच्या खेळानंतर न सांगता समोर येणारे, माझ्यासाठी कांदा न घातलेले पोहे. आणि मामा. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना ‘ख्याती’ हा विषय आठवत असेल. विकत घेतलेली ख्याती ताळेबंदात दाखवता येते. स्वतः वर्षानुवर्षे कमावलेली दाखवता येत नाही, कारण तिची किंमत विश्वासाने मोजता येत नाही. लेखाशास्त्राचा हा नियम मला परीक्षेपुरता पाठ होता. त्या कागदावर तो प्रथमच समजला. ताळेबंद जुळला नाही, कागद खणात गेला.

सौ.चे म्हणणे सरळ होते. “अहो, मैदान सोडायला तुम्ही तयार आहात. मामांना सांगायला तयार नाही. मग मैदानाचा हिशेब कशाला मांडता?”

तिचे म्हणणे बरोबर होते, आणि त्यामागे एक अवघड भाग होता. आपल्याकडे बहुतेक मैदानांवर कॅडीला दर खेळामागे पैसे मिळतात. खेळणारा आला नाही तर त्या दिवसाची कमाई नाही. मी शनिवार बंद केला तर मामांच्या घरात त्याची झळ पोहोचणार, असे मी धरून चाललो होतो. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाने निवृत्तिवेतन नसलेल्या माणसाला ‘मी आता येत नाही’ हे कोणत्या शब्दांत सांगावे?

सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मी ठरवूनच गेलो. आदल्या रात्री राजीनाम्याचे पत्र लिहिले होते, फक्त तारीख घातली नव्हती. पाऊस नुकताच थांबला होता, गवत ओले होते. नवव्या होलनंतर बाकावर बसताना मी म्हणालो, “मामा, एक विचारायचे होते.”

“माझंबी एक सांगायचं हुतं साहेब,” ते म्हणाले. “तुम्ही आधी बोला.”

“नाही, तुम्ही बोला.”

त्यांनी टॉवेलने एक काठी पुसली, मग दुसरी पुसली. म्हणाले, “पोराला कायमची नोकरी लागून दोन वर्सं झाली. तो म्हणतो, बाबा, आता बास. गुडघं बी बोलत्यात. बाकीच्या दिवशी मी येतच न्हाई हिकडं. निस्ता शनिवार.”

“निव्वळ शनिवार का?”

“तुम्ही खाडी वलांडून येता. मी हितं रोडच्या पल्याड ऱ्हातो. घरी कसा बसू?”

मी काही वेळ समोरच्या ओल्या गवताकडे पाहत राहिलो. दोन वर्षे मी त्यांच्यासाठी पहाटे उठत होतो आणि दोन वर्षे ते माझ्यासाठी. पिशवीचे वजन दहा-बारा किलो तरी असेल. साठी उलटलेल्या त्या माणसाने ते दर शनिवारी माझ्या भिडेखातर मैलोगणती वाहिले होते, आणि मी घरी इंधनाचे रुपये मोजत होतो.

“मग आता कधीपर्यंत?” मी विचारले.

“दिवाळीपतोर तरी बघू की,” मामा म्हणाले. “तुमचं काय हुतं?”

“माझेही तेच होते,” मी म्हणालो.

त्यांनी अधिक विचारले नाही. त्या दिवसापासून आम्ही भाड्याची दोन चाकांची ढकलगाडी घेतो. पिशवी तीवर असते आणि ती मी ओढतो. याला मामांचा पहिल्या दिवशी ठाम विरोध होता, दुसऱ्या शनिवारी थोडा कमी. ते रिकाम्या हातांनी शेजारून चालतात आणि उतार सांगतात. नातीला रविवार दिला आहे. तिने शनिवारच हवा म्हणून दोन दिवस अबोला धरला, मग खारघरच्या मैदानावर रविवारी गरम जिलबी मिळवून देण्याच्या अटीवर तडजोड झाली. जिलबी मैदानावर मिळत नाही. ती मी वाटेतून घेऊन जातो.

पत्र खणात आहे, त्या दोन बाजू आखलेल्या कागदावरच ठेवलेले. तारखेची जागा मोकळी आहे. दिवाळीला अजून तीन शनिवार आहेत. गेल्या खेपेस शेवटच्या हिरवळीवर मामांनी पटर माझ्या हातात दिला, वाकून उतार पाहिला आणि म्हणाले, “डावीकडं घसरतंय साहेब, जपून.” मी जपून मारला. तरी चेंडू डावीकडेच गेला.